बी. बी. किंगचे उस्ताद

आपल्याकडच्या मैफलीत गवई उस्तादांचे नाव घेतो तेव्हा त्याचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो. कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांचे किंवा मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव त्यांच्या परंपरेतल्या कलावंताने कोरडेपणाने उच्चारल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. विद्या कोणाकडून आली हे सांगणे हा आपल्या गाण्याचाच भाग मानला जातो. गंडा, तालीम, घराणे ही सगळी व्यवस्था त्याभोवती उभी राहिली. तिच्यात हेवेदावे पुष्कळ असतील, पण देणाऱ्याचे नाव सहसा बुडाले नाही.

अमेरिकेतल्या ब्लूज गायकांना अशी व्यवस्था कधी लाभली नाही. तिथला शिकाऊ गवई रेकॉर्डवरून, रस्त्याच्या कोपऱ्यावरून, चर्चमधल्या पाद्रीबाबांकडून, तुरुंगातून सुटून आलेल्या एखाद्या नातेवाइकाकडून जे हाती लागेल ते उचलीत असे. कोण कोणाचा शागिर्द हे सांगणे तिथे अवघड होते आणि न सांगणे फार सोपे. कित्येकांनी ते सांगितले नाही. बी. बी. किंगने मात्र सांगितले. १९४९ मध्ये पहिली रेकॉर्ड करणारा आणि १४ मे २०१५ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी जग सोडून गेलेला हा गवई जन्मभर आपल्या उस्तादांचा हिशोब मांडीत राहिला. अमक्याचा आवाज, तमक्याची बोटे, तिसऱ्याची लय. त्या हिशोबाच्या आधाराने त्याचे गाणे कसे घडले हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

आधी ब्लूजविषयी थोडे. दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी घडवलेले हे गाणे. त्याचा बांधा साधा आहे. चार-चार ठोक्यांचे बारा खंड, त्यात तीन ओळी. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचे. सुरांत मात्र एक अडचण आहे, आणि सगळी गोडी तिथेच आहे. ब्लूजमधले गंधार आणि निषाद धड शुद्ध नसतात, धड कोमलही नसतात. मधल्या कुठल्याशा जागेवर डोलत राहतात. पियानोच्या पट्ट्यांवर ती जागा सापडत नाही. आपल्या कानाला हे चटकन कळते, कारण श्रुती म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

किंगचे मूळ नाव रायली बी. किंग. जन्म १६ सप्टेंबर १९२५ चा, मिसिसिपी राज्यात इट्टा बेना गावाजवळचा. आईबाप बटाईने शेती करीत. बटाई म्हणजे काय हे आपल्या खेड्यांतून आलेल्या वाचकाला ठाऊकच असेल: जमीन मालकाची, बियाणे मालकाच्या दुकानातून उधारीवर, आणि कापूस विकला गेला की वहीतली बाकी पुन्हा तितकीच. आईबाप लवकर वेगळे झाले. आई त्याला घेऊन किलमायकल भागातल्या टेकड्यांकडे गेली आणि १९३५ मध्ये वारली. आजीने सांभाळले, ती १९४० मध्ये गेली. पोरक्या मुलाने काही काळ एका शेतावरच्या खोपटात एकट्याने दिवस काढले. त्याच्या गाण्यातल्या दुःखाचे कारण इथे शोधावे असा मोह होतो. पण त्या मुलखात अशी पोरकी मुले हजारो होती आणि त्यांतला किंग एकच झाला. दुःख सगळ्यांच्या वाट्याला आले होते, तालीम मात्र ज्याची त्याने मिळवायची होती.

त्याच्या आईच्या नात्यात मीमा नावाची एक वडीलधारी बाई होती. तिच्याकडे चावीचा फोनोग्राफ होता आणि रेकॉर्डी होत्या. त्या पोराने ज्यांचे गाणे तिथे पुन्हा पुन्हा ऐकले ते दोघे जण म्हणजे ब्लाइंड लेमन जेफरसन आणि लॉनी जॉन्सन. पुढे सत्तर वर्षे कोणी विचारले की याच दोघांची नावे तो आधी घेत असे.

लेमन जेफरसन टेक्सासचा. आंधळा. डॅलस शहराच्या रस्त्यांवर गात फिरायचा. १९२६ पासून पॅरामाउंट कंपनीने त्याच्या रेकॉर्डी काढल्या आणि त्या इतक्या खपल्या की एकट्याने गिटार घेऊन गाणाऱ्या ब्लूज गायकाला बाजार आहे हे कंपन्यांना प्रथमच उमगले. त्याची खुबी अशी की ओळ गाऊन झाली की तो गिटारवर तिला उत्तर देई, आणि ते उत्तर हवे तितके लांबवी. ठरलेल्या मापात तो बसत नसे. सुरावट संपली नाही तर खंड खुशाल वाढवायचा, मग पुन्हा ठेक्यावर यायचे. साथीदाराला हे सांभाळणे अशक्यच; म्हणून तो एकटाच गाई. किंगने त्याच्याकडून घेतले ते हे सवालजवाबाचे तत्त्व, आणि ओळीच्या सुरुवातीला किंचित रेंगाळून मग एकदम झेप घेण्याची लकब. लेमन डिसेंबर १९२९ मध्ये शिकागोच्या थंडीत वारला. किंग तेव्हा चार वर्षांचा होता. दोघांची भेट फक्त तबकडीवरची.

लॉनी जॉन्सनची गोष्ट निराळी आहे आणि आमच्या मते या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर झाला आहे. तो न्यू ऑर्लिन्सचा, शहरी माणूस, व्हायोलिन आणि पियानोही जाणणारा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याच्या घरातली बहुतेक माणसे दगावली. १९२५ मध्ये सेंट लुइसच्या एका गायनस्पर्धेत तो जिंकला आणि ओके कंपनीने त्याच्याशी करार केला. त्याआधी गिटार म्हणजे गाण्यामागे छेडत राहायचे वाद्य होते. लॉनीने एकेका तारेवर एकेक सूर घेऊन स्वतंत्र सुरावट वाजवली, गवयासारखी. १९२७ मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या आणि १९२८ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या रेकॉर्डींवर त्याची गिटार आहे. एडी लँग या गोऱ्या वादकाबरोबर त्याने वाजवलेल्या जुगलबंद्या आजही ऐकाव्या अशा आहेत. त्यांवर लँगचे नाव ‘ब्लाइंड विली डन’ असे छापलेले असे. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवलेले उघड होऊ नये म्हणून गोऱ्या माणसाला काळ्या गवयाचे टोपणनाव! या देशात नावांचा घोळ कोणत्या थराला जात होता याचा हा एक मासला.

मिसिसिपीच्या ब्लूजचा विषय निघाला की अभ्यासक आणि हौशी मंडळी रॉबर्ट जॉन्सनचे नाव घेतात. चौरस्त्यावर सैतानाशी सौदा केल्याची दंतकथा त्याच्याभोवती आहे, आणि दंतकथा विकल्या जातात. किंग त्याच मुलखातला, म्हणून त्याचाही उस्ताद रॉबर्टच असणार असे अनेकांनी गृहीत धरले. किंगने ते कधी मान्य केले नाही. आपल्यावर संस्कार लॉनी जॉन्सनचा, रॉबर्टचा तितकासा नाही, हे तो स्पष्ट सांगे. रॉबर्टच्या काही रेकॉर्डींवरही लॉनीची छाप ऐकू येते, ती गोष्ट वेगळी. लॉनीचे गाणे नितळ होते, शब्द स्पष्ट, आवाजात मार्दव. रांगडेपणा म्हणजेच अस्सलपणा असे मानणाऱ्यांना ते पचत नाही. आपल्याकडेही लोककला म्हटली की ती ओबडधोबडच हवी असा हट्ट धरणारे शहरी रसिक असतातच.

रेकॉर्डींवरची ही तालीम झाली. प्रत्यक्ष हातात गिटार दिली ती एका पाद्रीबाबांनी. आर्ची फेअर हे किंगच्या मामाच्या सासरकडचे, पंथाने उत्साही, नाचत-गात प्रार्थना करणाऱ्यांपैकी. चर्चमध्ये ते गिटार वाजवून प्रवचन करीत आणि लोक ओळीला ओळ जोडीत. रविवारी जेवायला आले की गिटार पलंगावर ठेवीत, आणि पोरगा हळूच ती उचली. एकदा पकडला गेल्यावर त्यांनी रागावण्याऐवजी त्याला तीन स्वरमेळ शिकवले. ब्लूजच्या बारा खंडांना तेवढेच तीन लागतात. पुढे शेतावर राबून मिळालेल्या पैशांतून त्याने १५ डॉलरना पहिली गिटार घेतली.

घरात मात्र ब्लूज म्हणजे सैतानाचे गाणे. देवाचे गाणे गा, हे गाऊ नकोस, ही ताकीद. संगीत आणि धर्म यांच्यातली ही कुरकूर आमच्या वाचकांना नवी नाही. तिचा निकाल लावण्याचे हे ठिकाणही नव्हे. किंगच्या बाबतीत निकाल रस्त्याने लावला. १९४३ नंतर तो इंडियानोला गावी ट्रॅक्टर चालवीत असे आणि शनिवारी कोपऱ्यावर उभा राहून गाई. भक्तिगीत म्हटले की लोक डोक्यावरून हात फिरवीत, ‘असाच गात राहा बेटा’ असे काहीसे म्हणत आणि निघून जात. ब्लूज म्हटले की टोपीत नाणी पडत. हा किस्सा तो स्वतः हसत हसत सांगे. पण चर्चने दिलेले त्याने टाकले नाही. प्रवचनकार जसा आवाज हळूहळू चढवत नेतो, मधेच थांबून श्रोत्यांना हुंकार भरायला जागा ठेवतो, तसेच तो शेवटपर्यंत गात राहिला. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या मैफलीत श्रोते प्रत्येक ओळीला जी दाद देतात ती ऐकताना आम्हाला कव्वालीची बैठक आठवते. आर्ची फेअर यांचे ऋण तिथे दिसते.

आता बुक्का व्हाइट. पुरे नाव बुकर टी. वॉशिंग्टन व्हाइट, ‘बुक्का’ हे रेकॉर्ड कंपनीने छापलेले रूप आणि ते त्याला आवडत नसे. हा किंगच्या आईच्या नात्यातला. पोलादी गिटारीवर धातूची नळी फिरवून वाजवणारा, आडदांड आवाजाचा. १९३७ मध्ये गोळीबाराच्या गुन्ह्यासाठी तो मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगशेतीवर गेला. १९३९ मध्ये लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स तिथे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आले तेव्हा कैद्याच्या कपड्यांत त्याने गायले. सुटल्यावर तो मेम्फिसला स्थिरावला. १९४६ मध्ये रायली ट्रॅक्टर उभा करताना धुराडे मोडून बसला आणि मालकाच्या धाकाने पळाला तो थेट बुक्काच्या दारात. काही महिने तो तिथे राहिला.

या मुक्कामात जे घडले ते किंगच्या शैलीचे मर्म आहे. बुक्का नळी तारेवर थरथरवी आणि सूर रडल्यासारखा लांब ओढला जाई. रायलीला तो आवाज हवा होता, पण नळी काही केल्या त्याच्या बोटांना वश होईना. मग त्याने नळी सोडून दिली आणि नुसत्या बोटाने तार दाबून धरून मनगट हलवायला सुरुवात केली. बुक्काच्या नळीतला थरकाप त्याने असा बोटात आणला. जगभरचे गिटारवादक आज ज्याची नक्कल करतात तो किंगचा कंप इथून आला. अंगठा मानेवरून सुटलेला, पंजा फुलपाखरासारखा हलतो आहे आणि सूर टाचणीवर धरल्यासारखा कापतो आहे. सोबत तार आडवी खेचून सूर वर नेणे. सतारीवर मींड काढतात तीच युक्ती, आणि आपल्या सतारियांना ती दाखवली तर ते यात नवल काय असे विचारतील. नवल एवढेच की ज्याला उस्तादासारखे जमले नाही त्याने उस्तादाचा सूर दुसऱ्या वाटेने गाठला, आणि नंतर ती वाट कोणाची हे लपवले नाही. दुसरीही एक शिकवण बुक्काची म्हणून किंग सांगे: गवयाकडे लोक तुच्छतेने पाहतातच, तेव्हा बँकेत कर्ज मागायला निघाल्यासारखे कपडे करून जावे. किंगला आम्ही छायाचित्रांत सदैव सुटाबुटात पाहिले आहे.

पार्चमनच्या निमित्ताने थोडे वळण घेतो. त्या तुरुंगात १९४७ च्या सुमारास जॉन लोमॅक्सचा मुलगा अॅलन याने कैद्यांची कामाची गाणी आणि शेतातल्या आरोळ्या ध्वनिमुद्रित केल्या. या आरोळ्यांत ताल नसतो, एकच स्वर लांबवत नेऊन मग तो तुकड्या-तुकड्यांनी खाली उतरवायचा असतो. ‘सर्व्हंट्स ऑफ अल्लाह’ हा अमेरिकेतल्या गुलाम मुस्लिमांवरचा ग्रंथ १९९८ मध्ये लिहिणाऱ्या सिल्व्हियान दियूफ यांनी व्याख्यानांतून अजान आणि मिसिसिपीची अशी एक आरोळी लागोपाठ ऐकवली, आणि श्रोते चकित झाले. गेरहार्ड कुबिक या संगीत-अभ्यासकाने १९९९ च्या पुस्तकात ब्लूजचा माग सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यापर्यंत काढला. तिथल्या गायकीवर शतकानुशतके इस्लामी संस्कृतीचा परिणाम झालेला आहे. पकडून नेलेल्या माणसांत मुस्लिम होते याला पुरावा आहे. नॉर्थ कॅरोलायनातला गुलाम उमर इब्न सईद याने १८३१ मध्ये अरबीत लिहिलेले आत्मवृत्त आज उपलब्ध आहे. दक्षिणेत ठिकठिकाणी मालकांनी ढोल वाजवायला बंदी केली होती. तंतुवाद्ये मात्र टिकली.

हे वाचून आमच्यातले काही उत्साही मित्र ‘ब्लूज म्हणजे मुळात आपलेच’ असे म्हणू लागतात. आम्हाला ती घाई वाटते. साम्य ऐकू येते हे खरे, पण मधल्या दोनशे वर्षांचे ध्वनिमुद्रण कोणाजवळ नाही, आणि चर्चची भजने, आयरिश-स्कॉटिश गाणी, आफ्रिकेच्या इतर भागांतले स्वर हेही त्यात मिसळले आहेत. किंगने ज्यांची नावे घेतली ते उस्ताद आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या मागचे उस्ताद जहाजाच्या तळघरातून आले आणि मालकाने दिलेल्या नावाने मेले. त्यांच्यावर आपला शिक्का मारणे म्हणजे त्यांचे नाव आणखी एकदा बदलणे होईल.

मेम्फिसहून एकदा परत जाऊन, कर्ज फेडून, १९४८ च्या अखेरीस किंग पुन्हा आला. नदीपलीकडच्या वेस्ट मेम्फिसमध्ये सनी बॉय विल्यमसन हा माउथऑर्गनवाला रेडिओवर गात असे. किंगने तिथे जाऊन एक गाणे म्हणायला मागितले. सनी बॉयने ते ऐकले, गाऊ दिले, आणि त्याच रात्रीची आपली एक बिदागी त्याच्याकडे वळवली, कारण त्याने चुकून दोन ठिकाणी कबूल केले होते. १२ डॉलर रात्रीला. ट्रॅक्टरवाल्याला ही रक्कम स्वप्नासारखी होती. मग डब्ल्यू.डी.आय.ए. या मेम्फिसच्या केंद्रावर, जिथे सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीयांसाठी होत, त्याला पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गाण्याचे काम मिळाले. ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ हे तिथले टोपणनाव. त्यातून ब्लूज बॉय आणि शेवटी बी. बी.

रेडिओवर रेकॉर्डी लावण्याच्या या नोकरीचा हिशोब आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. रोज नवनव्या तबकड्या हाताखालून जात आणि कान तयार होत गेला. पण त्याच्याही आधी, १९४७ मध्ये निघालेल्या टी-बोन वॉकरच्या ‘स्टॉर्मी मंडे’ने त्याला वेड लावले होते. विजेच्या गिटारीवर असा ब्लूज त्याने तोवर ऐकला नव्हता. आपल्यालाही विजेची गिटार हवी हे त्या रेकॉर्डीने ठरवले. टी-बोनचे सूर गोल, मखमली. मागे सॅक्सोफोन-ट्रम्पेटचा ताफा आणि पुढे एकेका सुराने बोलणारी गिटार. किंगच्या पुढच्या सगळ्या ताफ्यांचा नकाशा हाच. टी-बोन गिटार डोक्यामागे धरून वाजवी, पाय फाकवून जमिनीवर बसे. त्या करामती किंगने घेतल्या नाहीत, त्या त्याच्या स्वभावात नव्हत्या. आणि हा टी-बोन कोण? डॅलसमध्ये लहानपणी आंधळ्या लेमन जेफरसनचा हात धरून त्याला एका दुकानातून दुसऱ्या दुकानापर्यंत नेणारा पोरगा. घराणे नसलेल्या मुलखातही गाणे एका हातातून दुसऱ्या हातात असे गेले होते.

आणखी दोन नावे ब्लूजबाहेरची. युद्धावरून परतलेल्या एका मित्राने पॅरिसहून जँगो राइनहार्टच्या रेकॉर्डी आणल्या. जँगो युरोपातल्या भटक्या रोमानी जमातीचा. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली आणि उरलेल्या बोटांवर त्याने अचाट वादन उभे केले. दुसरा चार्ली ख्रिश्चन, बेनी गुडमनच्या जॅझ ताफ्यात विजेची गिटार वाजवून वयाच्या पंचविशीतच १९४२ मध्ये वारलेला. दोघांकडून किंगला सुरावटीची लांबी कळली. त्यांच्या वेगाच्या तो मागे लागला नाही.

गळ्याचे उस्ताद निराळे. डॉक्टर क्लेटनची छाती सोडून एकदम वरच्या पातळ आवाजात जाण्याची तऱ्हा, रॉय ब्राउनचा आर्जवी पुकार, काउंट बेसीच्या ताफ्यातल्या जिमी रशिंगची भरदार फेक, लुई जॉर्डनचा मिश्किलपणा. जॉर्डनच्या गाण्यांचा पुरा अल्बमच त्याने १९९९ मध्ये काढला.

एवढे सगळे घेऊन जे तयार झाले ते कोणासारखेच नव्हते, याचे कारण पुन्हा एक उणीवच आहे. गाता गाता स्वरमेळ वाजवणे किंगला जमत नसे. लेमनला, लॉनीला, बुक्काला ते जमे. किंग हे मोकळेपणी कबूल करी. मग त्याने वाटणी केली: गाताना गिटार गप्प, गिटार बोलताना स्वतः गप्प. १९४९ मध्ये आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी नाचघराला आग लागली, ल्युसिल नावाच्या बाईवरून दोघे भांडत होते त्यातून ती लागली, आणि किंग पेटत्या घरात गिटार काढायला धावला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक गिटारीचे नाव ल्युसिल. लोकांना ही गोष्ट गमतीची वाटते. पण दोन गायक आळीपाळीने गात असतील तर दुसऱ्यालाही नाव हवेच.

इथवर आम्ही किंगला नावे घेणारा म्हणून वाखाणले. कागदावरची हकीकत तितकी स्वच्छ नाही. १९५१ मध्ये मेम्फिसच्या एका वाय.एम.सी.ए. इमारतीत त्याने ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले आणि १९५२ च्या आरंभी ते कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचे आयुष्य त्या एका रेकॉर्डीने बदलले. मूळ गाणे लोवेल फुलसनचे. कंपनीने मात्र कर्त्यांत किंगबरोबर ‘टॉब’ असे नाव छापले. टॉब म्हणजे कंपनीचे मालक बिहारी बंधूंपैकी एक. (आडनाव पाहून दचकू नये, ते हंगेरीकडचे ज्यू कुटुंब होते.) किंगच्या स्वतःच्या गाण्यांवरही लिंग, जोसिया अशी अस्तित्वात नसलेली माणसे भागीदार म्हणून चिकटवली गेली, म्हणजे मानधनाचा वाटा मालकाच्या खिशात. किंगने नंतर हे सगळे सांगितले, फुलसनचे नावही घेतले. पण तोंडाने घेतलेले नाव आणि तबकडीवर छापलेले नाव यांत पैशाचा फरक पडतो, आणि फुलसनला तो फरक पडलाच असणार. या बाबतीत किंगला पूर्ण दोषी ठरवणे कठीण. १९५२ मध्ये मेम्फिसच्या काळ्या गवयाचे कंपनीपुढे काय चालत होते? तरीही हिशोबात ही बाकी राहते.

त्यानंतरची कीर्ती बहुतेकांना ठाऊक आहे. १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये गोऱ्या तरुण श्रोत्यांनी वाजवण्याआधीच उभे राहून केलेले स्वागत, आणि त्याच्या डोळ्यांत आलेले पाणी. १९६९ चे ‘द थ्रिल इज गॉन’, तेही मुळात रॉय हॉकिन्सचे.

उस्तादांचे काय झाले? लॉनी जॉन्सन १९५० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाडलोट करीत होता. १९५९ मध्ये एका रेडिओ निवेदकाने त्याला शोधून काढले, काही वर्षे पुन्हा रेकॉर्डी झाल्या, आणि १९७० मध्ये तो टोरांटोत वारला. बुक्काला १९६३ मध्ये दोन गोऱ्या तरुणांनी पत्र धाडले. पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून ‘बुक्का व्हाइट, जुना ब्लूज गायक’ असे लिहून अॅबरडीन, मिसिसिपीच्या टपाल कचेरीत पाठवले. ते फिरत फिरत त्याला मेम्फिसमध्ये मिळाले. टी-बोन १९७५ मध्ये गेला, बुक्का १९७७ मध्ये. टेक्सासात वॉर्थम गावच्या काळ्यांच्या दफनभूमीत लेमन जेफरसनच्या कबरीवर १९६७ पर्यंत नावाची पाटी नव्हती. २००७ मध्ये त्या दफनभूमीलाच त्याचे नाव देण्यात आले.

पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, किंगचा ‘वन काइंड फेवर’ हा अल्बम निघाला. स्टुडिओत केलेला त्याचा हा शेवटचा. लहानपणी आणि तरुणपणी जे ऐकले तेच त्यात गायचे असे ठरले होते. लॉनी जॉन्सनची गाणी त्यात आहेत, टी-बोनचे आहे. आरंभ मात्र लेमनच्या गाण्याने होतो, आणि अल्बमचे नावही त्यातूनच घेतले आहे. माझ्यावर एवढीच मेहेरबानी करा, माझी कबर स्वच्छ ठेवा, असे मागणारे ते गाणे. लेमन ते एकटा, झपाट्याने गातो. किंग तेव्हा ८२ वर्षांचा होता, खुर्चीत बसून वाजवीत असे, आवाज जाड झाला होता. तो ओळ म्हणतो आणि थांबतो. मग ल्युसिल तिला उत्तर देते.